कलम सात

घर पाहावं बांधून, म्हणतात.
विमा पाहावा वाचून, असं कुणी म्हणून ठेवलं नाही,
म्हणून मी तो आज वाचतेय,
अजमानला, समुद्रासमोर, चौदाव्या मजल्यावर,
माझ्याच घरात पाहुणीसारखी,
चपला दाराबाहेर काढून.

घर माझं. म्हणजे पाचशे ऐंशी चौरस फूट,
अकरा वर्षांच्या रात्रपाळ्या,
रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवत फेडलेले हप्ते.
राहते मात्र शारजात, रोल्याच्या मागे,
प्लायवूडने तीन केलेल्या हॉलच्या मधल्या तुकड्यात.
पलीकडे मेरिसेल कूस बदलते
आणि माझी खाट करकरते.
घरमालकीण अशी असते
हे आमच्या फलटणच्या सुमतीमावशीला सांगून पटायचं नाही.

इथे राहते इखलास. ओमडुरमानची.
दोन मुली, आणि तिचे सासरे,
बाल्कनीत बसून समुद्राला नदी म्हणणारे.

जोजी एजंट गुडघ्यावर बॅग ठेवून फॉर्म भरतो.
मालक राहतो की भाडेकरू?
भाडेकरू.
मग मॅडम, प्रीमियम थोडा जास्त.
का?
आपलं घर माणूस जपतो ना, तो हिंदीत म्हणतो,
इखलासकडे न बघता.
तिला हिंदी कळत नाही असं त्याला वाटतं.
ओमडुरमानच्या थेटरांनी तिला तेवढी शिकवलीय.
ती उठते. आतल्या खोलीचं दार उघडते.
एसीखाली बादली. महिनाभर गळतोय.
रात्री दोनला गजर लावून उठते, ओतून येते,
तुझी लाकडी जमीन फुगू नये म्हणून.
सांगितलं का नाहीस?
ती खांदे उडवते. भाडं वाढवलं असतंस.
(वाढवलं असतं का मी? जानेवारीत करार संपतोय.
आकडासुद्धा ठरवून आले होते.)

तुमचं काय, त्यांचं काय, जोजी समजावतो,
सोपं आहे मॅडम. फ्लॅट उचला, उलटा करा.
खाली पडेल ते भाडेकरूचं,
चिकटून राहील ते तुमचं.

मी फ्लॅट उचलते. उलटा करते.
पडते धूपदाणी, निखाऱ्यासकट.
पडते कॉफीची मातीची सुरई, शाळेची दप्तरं,
शिलाई मशीन, गाद्या, बादली,
खुर्चीसकट सासरे, अजून नदीच बघत.
फरशी चिकटून राहते. गीझर, ओटा,
बेसिन, पाच दरवाजे.
आणि मी पडते,
पर्स छातीशी धरून, सगळ्यांच्या शेवटी.

कलम सात जोजी भरभर वाचतो,
पाहुण्यांपुढे आरती आटपावी तसा.
युद्ध, आक्रमण, यादवी, दंगल,
यात कंपनी जबाबदार नाही.
हर्ब? इखलास विचारते.
हो, हर्ब. जोजी पान उलटतो.
आमच्या घराचा पण कागद होता, ती म्हणते,
निळा शिक्का. मी विचारायला गेले होते.
मग?
कंपनी आमच्याच गल्लीत होती.

ती हसते तेव्हा कुठे कळतं की हसायचं आहे.
जोजी हसत नाही. पेनाला टोपण लावतो, काढतो.

मी विचारते, हिचं सामान घालता येईल माझ्या पॉलिसीत?
नाही येणार. वेगळी घ्यावी लागेल, तिच्या नावाने.
आणि मॅडम, त्या सामानात तुमचा हितसंबंध काय?
माझ्या हातात कप असतो, कान नसलेला,
तळाशी आल्याचा चोथा.
काही नाही, मी म्हणते,
आणि जिथे जिथे त्याने फुली केलीय तिथे सही करते.
पाचशे पंचवीस दिरहम. पावती मिळते.

एसीवाला गुरुवारी येतो म्हणाला.
आज सोमवार.

रात्री मला जाग येते, उशीखाली फोन चाचपते.
दोन वाजून एक मिनिट.
मेरिसेल कूस बदलते.
माझी खाट करकरते,
आणि तिकडे चौदाव्या मजल्यावर
कुणीतरी अनवाणी,
माझ्या जमिनीवर पाणी न सांडता,
भरलेली बादली नेत असेल.